ज्या युद्धाला आपला विरोध होता

चिरंजीव लेकीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. दादा इराकच्या युद्धात मारला गेला तेव्हा तू तिसरीत होतीस आणि त्या वेळी कुणी तुला काही विचारले नाही. आता तू त्याच्या तेव्हाच्या वयाहून मोठी झाली आहेस, आणि घरातल्या मोठ्यांनी एकमेकांना जे विचारायचे टाळले ते सारे प्रश्न तुझ्या वाट्याला आले आहेत. त्यांतला मुख्य प्रश्न तू नेमका मांडला आहेस. दादाचा अभिमान वाटतो असे म्हणावे तर बाबांशी प्रतारणा केल्यासारखे होते, आणि इराकचे युद्ध चुकीचे होते असे म्हणावे तर दादाशी. येत्या मे महिन्यात आईबरोबर अर्लिंग्टनच्या लष्करी स्मशानभूमीत दादाच्या थडग्याशी जावे की बाबांबरोबर घरी थांबावे, हा तुझा पेच त्यातूनच आला आहे.

माझे मत आधी सांगते, कारण तू ते मागितले आहेस. युद्धाबद्दलचा निवाडा आणि दादाबद्दलचे दुःख यांचा हिशोब एकमेकांत वळता करण्याची गरज नाही. युद्धाचा जाब ते ठरवणाऱ्यांना विचारायचा असतो. सद्दाम हुसेनकडे सर्वसंहारक अस्त्रे आहेत असे सांगून मार्च २००३ मध्ये ते सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेच्याच तपास पथकाने असे साठे तिथे नव्हते असा अहवाल दिला. त्या युद्धात सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिक आणि लाखाहून अधिक इराकी नागरिक मेले. हे सारे जितके खरे तितकेच तुझा भाऊ प्रामाणिक, हट्टी, मित्रांसाठी जीव टाकणारा मुलगा होता हेही खरे, आणि यांतले एक सिद्ध करण्यासाठी दुसरे नाकारावे लागत नाही. तुम्ही मात्र घरात इतकी वर्षे नेमके तेच करत आलात.

बाबांविषयी थोडे सविस्तर लिहिते. १५ फेब्रुवारी २००३ च्या त्या कडाक्याच्या थंडीत न्यूयॉर्कच्या युद्धविरोधी निदर्शनांत तुला खांद्यावर घेऊन चालणारा हा माणूस, आणि पुढच्याच वर्षी त्याचा मुलगा त्याला न विचारता लष्करात भरती झाला. बाबा युद्धाबद्दल बोलतात तेव्हा तुला वाटते की ते दादाला अजून दोष देत आहेत. मला तसे वाटत नाही. ते स्वतःला दोष देत आहेत आणि त्याला तर्काचे कपडे घालत आहेत.

या संदर्भात अँड्र्यू बॅसेविच यांचे उदाहरण मी बाबांनाही एकदा सांगितले होते. व्हिएतनाममध्ये लढलेले, कर्नल म्हणून निवृत्त झालेले आणि नंतर बोस्टन विद्यापीठात शिकवणारे हे इतिहासकार इराक युद्धाविरुद्ध सातत्याने लिहीत होते. त्यांचा मुलगा, त्याचेही नाव अँड्र्यू, तिथे लेफ्टनंट म्हणून होता आणि १३ मे २००७ रोजी स्फोटात मारला गेला. त्याच महिन्यात त्यांनी वॉशिंग्टन पोस्टमध्ये लिहिले की सांत्वनाच्या शेकडो संदेशांत दोन असेही आले, ज्यांत त्यांच्या युद्धविरोधी लेखनामुळेच मुलाचा बळी गेला असा थेट आरोप होता. मुलगा चांगला सैनिक होण्यासाठी झटत होता तेव्हा आपण चांगला नागरिक होण्याचा प्रयत्न करत होतो, असे त्यांनी त्यात म्हटले. पण शेवटी मात्र त्यांनी कबूल केले की मुलगा सर्वस्व देत असताना आपण काहीच करत नव्हतो आणि या अर्थाने आपण त्याला कमी पडलो.

त्या लेखातले बाकी सगळे मला पटते, शेवट पटत नाही. बापाने लिहिले, भाषणे केली, मोर्चे काढले तरी युद्ध थांबले नाही, यात बाप कमी पडल्याचा पुरावा कुठे आहे? सत्तेने ऐकले नाही याचा दोष सांगणाऱ्यावर जात नाही. परंतु शोकात पडलेला माणूस असा विचार करत नाही, हे मी रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम करताना पुन्हा पुन्हा पाहिले आहे. मृत्यूला काही कारण नाही हे सोसण्यापेक्षा ते कारण आपण आहोत असे मानणे अनेकांना सोपे जाते. बाबांना युक्तिवादाने यातून बाहेर काढण्याचा प्रयत्न करू नकोस. दादा लहानपणी कसा होता हे त्यांना विचार. त्याच्या पंधराव्या वर्षापर्यंतच्या आठवणी बाबांकडे आहेत, त्या युद्धाच्या आधीच्या आहेत आणि त्यांच्यावर कुणाचाच वाद नाही.

आता तुझ्याविषयी. तू लिहितेस की दादाला फसवले गेले, असे म्हटले की तुला बरे वाटते. हे वाक्य जपून वापर. खोटी कारणे सांगितली गेली हे खरे आणि त्या अर्थाने सगळा देशच फसवला गेला; पण दादाला वर्तमानपत्र वाचता येत होते, घरात रोज रात्री जेवताना वाद होत होता, आणि तरीही त्याने निर्णय घेतला. आपल्या माणसाने आपल्याला न पटणारा निर्णय घेतला आणि त्याची किंमत जिवाने दिली, हे मान्य करणे त्याला भोळा ठरवण्यापेक्षा फार अवघड आहे. तुम्ही युद्धविरोधी आहात म्हणून त्याला मरणोत्तर तुमच्या बाजूला आणून बसवण्याचा मोह होतो, तसाच ज्यांनी युद्ध पुकारले त्यांना तो आपल्या बाजूला हवा असतो. तो त्यांचा नव्हता आणि या एका बाबतीत तो तुमचाही नव्हता. तो अजून जगता तर कदाचित मत बदलता, कदाचित न बदलता. ती जागा रिकामी आहे, ती आपण आपल्या मजकुराने भरू नये.

जाहीर बोलण्याबद्दल तू विचारलेस. सिंडी शीहान यांचा मुलगा केसी ४ एप्रिल २००४ रोजी बगदादच्या सद्र सिटीत मारला गेला आणि ऑगस्ट २००५ मध्ये त्या टेक्सासमधल्या क्रॉफर्ड इथे, राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या शेतघराजवळ, रस्त्याकडेला तंबू ठोकून बसल्या. मुलगा कोणत्या उदात्त कारणासाठी मेला हे त्यांना समोरासमोर विचारायचे होते. त्यांच्या त्या धाडसाबद्दल मला आजही आदर आहे. पण त्याच महिन्यात केसीच्या वडिलांकडच्या नातेवाइकांनी आपण तिच्याशी सहमत नाही असे पत्रक काढले, आणि तिथे मृत सैनिकांच्या नावाने लावलेल्या क्रुसांपैकी काही, त्या सैनिकांच्या पालकांनी येऊन काढून नेले, कारण आपल्या मुलाचे नाव या निषेधात नको असे त्यांचे म्हणणे होते. त्या पालकांचे मला चुकले असे वाटत नाही. तू बोलणार असशील तर बहीण म्हणून आणि नागरिक म्हणून बोल, तो तुझा पूर्ण अधिकार आहे. फक्त ‘दादाला हेच हवे असते’ हे शब्द तोंडून काढू नकोस आणि आईला व्यासपीठावर बोलावू नकोस.

आई पितृपक्षातल्या चतुर्दशीला दादासाठी पान वाढते, हे तू थोड्या नाराजीनेच लिहिले आहेस. शस्त्राने मेलेल्यांचे श्राद्ध त्या तिथीला करण्याची आपल्याकडे रीत आहे. ते युद्ध न्याय्य होते की नव्हते, कोणाच्या बाजूने होते, हे ती तिथी विचारत नाही, आणि म्हणूनच आईला ती सोसते असे मला वाटते. महाभारतातली गांधारी आठव. युद्धापूर्वी भर सभेत तिने दुर्योधनाला समजावले होते आणि त्याने ऐकले नाही. युद्ध संपल्यावर ती रणभूमीवर आली तेव्हा ‘मी सांगितले होते’ एवढ्यावर तिचा शोक भागला नाही. ती स्वतःच्या मुलांसाठी रडली आणि अभिमन्यूच्या शवाशी बसलेल्या उत्तरेला पाहूनही कळवळली. शत्रुपक्षाच्या घरचे दुःख तिच्या दुःखात सहज मिसळले. इराकमधल्या घरांबद्दल तुला जी टोचणी आहे, ती दादाच्या शोकात लाजिरवाणी भर आहे असे समजू नकोस. तीही त्याच शोकात बसू दे.

अनोळखी माणसे ‘तुमच्या त्यागाबद्दल आभार’ म्हणतात त्याला काय उत्तर द्यावे, हा तुझा छोटा प्रश्न. त्याग तुम्ही केला नव्हता, तो तुमच्याकडून गेला; पण हे किराणा दुकानातल्या बाईला समजावत बसण्यात अर्थ नाही. ‘तो माझा मोठा भाऊ होता’ एवढे म्हण आणि पुढे जा. युद्धात मेलेल्या सैनिकाच्या घरच्यांना मिळते ती गोल्ड स्टारची जांभळी-सोनेरी पिन आईने कपाटात ठेवली आहे की पदरावर लावली आहे, यावरूनही कुणी तिचे राजकीय मत ठरवू नये, निदान घरात तरी.

राहिला अर्लिंग्टनचा प्रश्न. बाबा येत नाहीत त्याचे खरे कारण, तुझ्या लिहिण्यावरून दिसते, शिळेवर दादाच्या नावाखाली कोरलेली ‘ऑपरेशन इराकी फ्रीडम’ ही, म्हणजे सरकारने त्या युद्धाला दिलेल्या नावाची, अक्षरे आहेत. तो मजकूर ठेवायचा की नाही ही कुटुंबाची निवड असते, आणि न विचारता तो कोरला गेला अशी तक्रार २००५ मध्ये काही घरांनी उघडपणे केली होती. तुमच्याकडे त्या वेळी कागदांवर कोणी सही केली, काय विचारले गेले, हे आईला शांतपणे विचार आणि आता शिळेबाबत काय करता येते याची चौकशी स्मशानभूमीच्या कार्यालयात कर. शब्द बदलतील की नाही हे मी सांगू शकत नाही, पण बाबांनी वीस वर्षे जो राग मनात ठेवला तो एका अर्जावर लिहिला गेला तरी पुष्कळ.

आणि मेमोरियल डेच्या, म्हणजे मृत सैनिकांच्या स्मरणदिनाच्या, सोमवारीच जायला हवे असे कुणी सांगितले? त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष येतात, बंदोबस्त असतो, भाषणे होतात. त्या आधीच्या गुरुवारी सैनिक प्रत्येक थडग्यापुढे छोटा झेंडा रोवतात, तेही बाबांना झेपणार नाही. तुम्ही त्या आठवड्याच्या मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी या. इराक आणि अफगाणिस्तानात मेलेल्यांना जिथे पुरले आहे त्या सेक्शन साठमध्ये इतर घरची माणसे घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली असतात, कुणी शिळेवर खडे ठेवते, कुणी बिअरची बाटली, आणि कुणी कुणाला मते विचारत नाही. कुटुंबीयांना मोटार आतपर्यंत नेण्याचा पास मिळतो; आईचे गुडघे लक्षात घेता तो आधीच काढून ठेव. बाबा तेव्हाही नाही म्हणाले तर त्यांना माझ्याकडे सोड, आम्ही दोघे चहा घेत बसू, आणि परत येताना तुम्ही त्यांना घेऊन जा.

तुझी,
काकू