आजीचं पोर्ट्रेट: आधी डोळे बघ, मग सुरकुत्या

पहिलंच पोर्ट्रेट आणि तेही जलरंगात, धाडसच केलंस की! चष्म्याची काच आणि नऊवारीचा काठ मस्त जमलाय, ते आता बदलू नकोस. घरचे म्हणतायत ना आजीसारखी वाटत नाही, त्याचं कारण बहुतेक डोळे फार वर गेलेत. माथ्यापासून हनुवटीपर्यंत मोजलंस तर डोळे साधारण मधोमध येतात, पण सुरुवातीला कपाळ लहानच काढलं जातं, सगळ्यांचंच होतं ते. आजीचा फोटो आणि तुझं चित्र दोन्ही मोबाइलवर फ्लिप करून, म्हणजे आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटवून, शेजारी शेजारी ठेव, लगेच कळेल.

सुरकुत्या मात्र कमी कर. सुरकुती म्हणजे रेघ नाही, बारीकशी सावली असते, त्यामुळे एक कड तशीच ठेवून दुसरी ओल्या ब्रशने विरघळवायची. आणि सावलीत काळा कशाला घातलास? त्यानेच गाल मळकट दिसतोय, बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी) जरासा अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून बघ.

चित्रकार एस. एल. हळदणकरांचं ते हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र माहितीये का, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे ते? जलरंगच आहेत, आणि मॉडेल त्यांची स्वतःची मुलगी. दिव्याआड धरलेल्या बोटांतून उजेड कसा झिरपतो ते त्या चित्राचा फोटो झूम करून बघ.

याच कागदावर दुरुस्त्या करत बसू नकोस हां, घासून घासून कागदाचा भुगा होईल. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाडसर, नवा कागद घे, आणि रंगवायच्या आधी नुसतं पेन्सिल ड्रॉइंग दाखव.