सिगारची किंमत आणि विम्याच्या अर्जातलं ‘नाही’

एका वाचकाचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं. वय ४१, पत्नी आणि दोन मुलं, घरात कमावते हे एकटेच. आठवड्याला दोन प्रीमियम सिगार ओढतात आणि एका सिगारला पाव दिवसाची कमाई जाते. शिवाय २५ सिगारची एक, अशा बारा पेट्या ‘गुंतवणूक म्हणून’ ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे ओलावा राखणाऱ्या पेटाऱ्यात, ठेवल्यात; सात वर्षांत दुप्पट होतील असं विकणारा म्हणाला. ‘पत्नी म्हणते, पैशाचा धूर करता. महाग सिगार त्या किमतीचे असतात का, ते एकदा आकडे मांडून सांगा,’ असा प्रश्न आहे. शेवटी जाता जाता दोन ओळी: ‘बाकी नियोजन व्यवस्थित आहे. चौदा महिन्यांपूर्वी दहा वर्षांच्या उत्पन्नाएवढा टर्म विमा घेतला, मुदतीअखेर सगळे हप्ते परत मिळणारा. धूम्रपानाच्या रकान्यात एजंटनं ‘नाही’ लिहिलं. सिगार म्हणजे काही सिगारेट नव्हे, आणि मी धूर छातीत घेतही नाही.’

सिगारचं उत्तर लवकर संपतं, म्हणून आधी तेच उरकू. हाताने वळलेल्या सिगारची किंमत नुसती नावाची नसते. यंत्रावरच्या स्वस्त सिगारमध्ये पानांचा चुरा भरतात आणि तो बांधायला बऱ्याचदा तंबाखूच्या लगद्यापासून केलेला कागदासारखा ताव वापरतात. प्रीमियम सिगारमध्ये आत लांब पानं, त्यांवर ती बांधणारं पान म्हणजे बाइंडर, सगळ्यांत वर दिसणारं पान म्हणजे रॅपर, आणि हे सगळं अस्सल पानच. रॅपरला डाग चालत नाही, जाड शीर चालत नाही. क्यूबातल्या पिनार देल रिओमध्ये किंवा अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये ही पानं कापडाच्या मांडवाखाली सावलीत वाढवतात. मग पानं सुकवायची, ढीग रचून आंबवायची. ढीग आतून तापतो, अमोनिया उडून जातो; फार तापायच्या आत तो मोडून पुन्हा रचायचा. यात महिने जातात, जाड पानांना वर्षंही लागतात. या कामाचे पैसे मागितले तर ते रास्तच आहेत.

पण मधल्या किमतीचा सिगार आणि त्याच्या चौपट किमतीचा सिगार यांत मजुरी चौपट नसते आणि पानही चौपट मुरलेलं नसतं. त्या टप्प्यानंतर तुम्ही टंचाईचे आणि सिगारवरच्या ब्रँडच्या कागदी पट्टीचे पैसे देता. २०२२ मध्ये क्यूबन सिगार विकणाऱ्या हाबानोस कंपनीने कोहिबा आणि त्रिनिदाद या दोन ब्रँडच्या किमती जगभर हाँगकाँगच्या चढ्या पातळीवर नेल्या, आणि कित्येक बाजारांत त्या भसाभस वाढल्या. शेतातलं पान मात्र तेच होतं. तुमच्या जिभेला हा फरक कळतो का, ते तपासायला मी लागत नाही. दोन महिने कुणाला तरी पट्ट्या काढून महाग आणि मधल्या किमतीचे सिगार उलटसुलट द्यायला सांगा आणि दरवेळी वहीत एक ओळ लिहा. ओळखू आले नाहीत, तर मधल्या किमतीचे घ्या.

आकडा हवा होता ना? वर्षाला १०० सिगार म्हणजे २५ दिवसांची कमाई, म्हणजे एक महिन्याचा पगार, उत्पन्नाच्या ८ टक्के. तीच रक्कम दरवर्षी बाजूला टाकली आणि १५ वर्षं ८ टक्क्यांनी वाढली तर २७ पगार होतात. म्हणून शौक सोडा, असं मी म्हणणार नाही. उत्पन्नाच्या ८ टक्क्यांचा शौक पेलणारी माणसं असतात. बाकीचं व्यवस्थित असेल, एवढीच अट. तुमचं नाही.

बारा पेट्यांबद्दल. ३०० सिगार, ७५ दिवसांची कमाई, तीन पगार. पत्रातल्या ब्रँडांवरून हे निकाराग्वाचे आणि डॉमिनिकन रिपब्लिकचे, दरवर्षी बाजारात येणारे सिगार आहेत. जो माल कंपनी पुढच्या वर्षीही तसाच बनवणार आहे, तो तुमच्याकडून दुप्पट भावाने कोण आणि का घेईल? लिलावात भाव मिळतो तो बंद झालेल्या मालाला. दाविदॉफ या ब्रँडचे क्यूबात बनणारे सिगार १९९१ नंतर आलेच नाहीत, म्हणून ते महाग. आणि उलटही घडतं: १९९० च्या दशकात अमेरिकेत सिगारची लाट आली, जो तो ब्रँड काढू लागला, आणि १९९७ नंतर गोदामंच्या गोदामं पडत्या भावाने विकली गेली.

त्यात विकताना लिलावघर कमिशन कापणार. २० टक्के धरलं, तर हातात दुप्पट यायला आधी अडीचपट व्हावं लागतं. सात वर्षांत अडीचपट म्हणजे वर्षाला १४ टक्के, आणि तेही ओलावा ६५ ते ७० टक्क्यांत ठेवून. तापमान पंचविशीकडे गेलं की पानातली तंबाखूकिड्याची अंडी उबतात आणि रॅपरला टाचणीएवढी भोकं पडतात. अशी पेटी कुणी घेत नाही. कित्येक देशांत खासगी माणसाला परवान्याशिवाय तंबाखू विकताही येत नाही. ही गुंतवणूक नाही, हा तुमचा तीन वर्षांचा साठा आहे. तोच वापरा आणि तोवर नवी खरेदी बंद ठेवा. वर्षाला एक पगार मोकळा होईल.

आता त्या दोन ओळी, ज्यांच्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं.

‘सिगार म्हणजे सिगारेट नव्हे’ हे विमा कंपनीला मान्य नाही, आणि तुमच्या शरीरालाही नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. छातीत ओढायची गरज पडत नाही. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढं निकोटीन असू शकतं. शरीर त्याचं कोटिनीन करतं आणि ते लघवीत, लाळेत कित्येक दिवस सापडतं. बहुतेक अर्जांत प्रश्नही मोघम नसतो: तंबाखू किंवा निकोटीन, कोणत्याही स्वरूपात. त्यावर ‘नाही’ लिहिलं गेलं आणि खाली सही तुमची आहे. एजंटची नाही. दावा करायची वेळ आली की ‘एजंट म्हणाला होता’ याला फारशी किंमत उरत नाही, आणि तेव्हा ते सांगायला तुम्ही नसता.

विम्याचा करार अर्जदाराच्या प्रामाणिकपणावर उभा असतो; लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६६ मध्ये इंग्लंडमध्ये हे तत्त्व निकालात मांडलं आणि आजही विम्याचा कायदा त्याच धाग्याने चालतो. तपशील देशागणिक बदलतात. भारतात पॉलिसीला ३ वर्षं होईपर्यंत, अमेरिकेत साधारणपणे २ वर्षं, कंपनी अर्ज उघडून तपासू शकते. ब्रिटनच्या २०१२ च्या कायद्यात चुकीचं उत्तर निष्काळजीपणाने दिलं असेल तर हप्त्याच्या प्रमाणात रक्कम कापली जाते. जाणूनबुजून असेल तर काहीच नाही. तुमची पॉलिसी चौदा महिन्यांची आहे. उद्या दावा आला, तर कंपनी सगळ्यांत आधी मागवील ते वैद्यकीय कागद, आणि एखाद्या डॉक्टरने कधीतरी ‘सिगार, आठवड्याला दोन’ असं टिपलेलं असेलच. दहा वर्षांचं उत्पन्न त्या तीन शब्दांवर अडकेल.

आणि हे कशासाठी? तुम्ही वर्षाला भरता चार दिवसांची कमाई. तंबाखू सांगितला असता तर हप्ता ढोबळमानाने दुप्पट, म्हणजे आणखी चार दिवस. सोळा सिगार. दोन महिन्यांचा तुमचा कोटा वाचवायला कुटुंबाचं दहा वर्षांचं छप्पर टांगणीला लावलंत, आणि पत्रात विचारता, सिगार महाग पडतो का!

‘अर्ज तपासायची मुदत संपेपर्यंत गप्प बसतो’ असा विचार मनात आला असेल. नको. तोपर्यंत मुलांना विमा नाही असंच धरावं लागेल, काही ठिकाणी फसवणुकीला ती मुदत लागूच होत नाही, आणि आतापर्यंत अज्ञान म्हणता येत होतं, हे वाचल्यावर तेही म्हणता येणार नाही.

हप्ते परत मिळण्याचं गाजर तर मला बघवत नाही. परत मिळणार ते नुसते भरलेले आकडे. महागाई ४ टक्के धरा: २५ वर्षांनी हातात येणाऱ्या १०० ची किंमत आजच्या ३७-३८ एवढी. त्यासाठी तुम्ही साध्या टर्म पॉलिसीच्या (जिच्यात मुदत पार पडली तर काहीच परत मिळत नाही) जवळपास दुप्पट हप्ता भरताय. एजंटचं कमिशन हप्त्यावर मोजतात, हे माहीत असलं की ही योजना इतक्या प्रेमाने का सुचवली जाते ते कळतं. गंमत बघा: साधी टर्म पॉलिसी, तंबाखू खरा सांगून, तुम्हाला साधारण आत्ताच्याच चार दिवसांच्या कमाईत पडेल. जो पैसा ‘परत’ मिळण्याच्या आशेत जातो, त्याच पैशात खरा विमा येतो.

म्हणून या आठवड्यात नव्या साध्या पॉलिसीचा अर्ज करा, एजंटला फोन न करता, स्वतः भरून. तंबाखूच्या प्रश्नाला ‘हो’, आणि प्रमाण ‘आठवड्याला दोन सिगार’. ‘कधीमधी’ लिहू नका. काही कंपन्या वर्षाकाठी मोजकेच सिगार ओढणाऱ्याला सवलत देतात. शंभरवाल्याला देत नाहीत. तपासणीआधी आठ दिवस सोडून बघण्याची युक्ती करू नका, कारण तपासणी स्वच्छ आली तरी जबाब खोटाच राहतो. जुनी पॉलिसी आणि तिच्यातली चूक, दोन्ही नव्या अर्जात कळवा. जुन्या कंपनीलाही लेखी कळवा. ती हप्ता वाढवील किंवा पॉलिसी रद्द करील, दोन्हीची तयारी ठेवा. नवी पॉलिसी हातात येईपर्यंत जुनीचा हप्ता मात्र चुकवू नका. पुढे सिगार खरोखर सुटले, तर बारा महिने उलटल्यावर हप्ता कमी करण्याची विनंती करता येते का, तेही आत्ताच विचारून ठेवा.

पॉलिसी आली की तिच्यासोबत जोडलेली अर्जाची प्रत उघडा आणि तंबाखूचा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. तिथे पुन्हा ‘नाही’ छापून आलं असेल तर फ्री लूकची, म्हणजे नको असलेली पॉलिसी परत करायची, मुदत संपायच्या आत लेखी दुरुस्त करून घ्या, नाहीतर पॉलिसी परत पाठवा.