इंग्लंडमधल्या फ्लॅटचं ईपीसी ‘एफ’ आहे. विकू की भाड्याने देऊ, आणि त्याआधी किती खर्च करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रेडिंगला एका व्हिक्टोरियन घराच्या तळमजल्यावर एका बेडरूमचा फ्लॅट, गॅस नाही, भिंतीवर साधे इलेक्ट्रिक पॅनेल हीटर. २०१४ च्या ईपीसीवर, म्हणजे घराच्या ऊर्जा-कार्यक्षमतेच्या सर्टिफिकेटवर (श्रेणी ‘ए’ सगळ्यात चांगली, ‘जी’ सगळ्यात वाईट), ३४ गुण, म्हणजे ‘एफ’, आणि त्याची मुदतही संपली. वर्षअखेरीस तुम्ही पुण्याला परत चाललात. एजंट म्हणतो, भिंतींना आतून इन्सुलेशन केल्याशिवाय फ्लॅट बाजारात आणू नका. मित्र म्हणतो, पाच हजार पौंड दंड बसतो.

मी घरांची ईपीसी करते. लोकांच्या घरात टेप आणि टॉर्च घेऊन फिरणं हाच माझा धंदा, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पण उत्तर आधीच सांगून टाकते. भिंतींना हात लावू नका. विकणार असाल तर जवळजवळ काहीच करू नका. भाड्याने देणार असाल तर हीटर बदला.

विकणं आणि भाड्याने देणं या दोन्हीला सर्टिफिकेट लागतं, पण नियम सारखे नाहीत आणि तुमच्या एजंटने नेमकी इथेच गल्लत केली आहे. विक्रीला किमान श्रेणीची अटच नाही. ‘एफ’ काय, ‘जी’ असलेलं घरही बिनधास्त विकता येतं. कायदा एवढंच म्हणतो की घर बाजारात आणण्याआधी ईपीसीची व्यवस्था केलेली हवी, जाहिरातीत श्रेणी दिसली पाहिजे आणि खरेदीदाराला प्रत फुकट मिळाली पाहिजे. ते न केल्यास राहत्या घराला दंड २०० पौंड. एकदा काढलेलं सर्टिफिकेट दहा वर्षं चालतं.

मित्राचे पाच हजार हे भाड्याच्या नियमातले. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ एप्रिल २०१८ पासून नव्या भाडेकरारांना आणि १ एप्रिल २०२० पासून चालू करारांनाही किमान ‘ई’ लागते. त्याखालचं घर नोंदवलेल्या सवलतीशिवाय भाड्याने दिलं, तर काउन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, दंड लावू शकते. तीन महिन्यांच्या आतला भंग असेल तर दोन हजारांपर्यंत, त्याहून जास्त काळचा असेल तर चार हजारांपर्यंत, आणि सगळं मिळून एका घरामागे जास्तीत जास्त पाच हजार. म्हणजे मित्र खोटं बोलला नाही, पण तो दंड फ्लॅट विकणाऱ्याला लागूच होत नाही. आणि घर जुनं आहे म्हणून कोणी सोडत नाही. व्हिक्टोरियन घरं इथे गल्लोगल्ली आहेत.

आता ३४ हा आकडा आला कुठून ते बघू, कारण ‘ई’ ३९ पासून सुरू होते आणि तुम्हाला पाचच गुण कमी आहेत.

लोकांना वाटतं की हे घर किती उबदार आहे त्याचं माप आहे. तसं नाही. ईपीसीवरची मोठी रंगीत श्रेणी खर्चावर बेतलेली असते: ठरावीक सवयींचं एखादं कुटुंब इथे राहिलं, तर घर गरम ठेवायला, गरम पाण्याला आणि दिव्यांना चौरस मीटरमागे किती पैसे जातील. तुम्ही घरात तीन स्वेटर घालून बसता की जानेवारीत बनियनवर फिरता, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुमची बिलंही आम्ही बघत नाही. आणि युनिटमागे वीज गॅसच्या साधारण चौपट महाग असल्यामुळे दिवसाच्या दराने वीज खाणारे पॅनेल हीटर असलेलं घर या हिशेबात मार खातंच. वरच्या मजल्यावर दुसऱ्याचा फ्लॅट आहे, म्हणजे छतातून उष्णता जात नाही, हे खरं तर तुमच्या बाजूचं आहे. तरीही ‘एफ’ आली, याचं मोठं कारण हीटर.

म्हणून तिथेच पैसे घाला. ‘हाय हीट रिटेन्शन’ जातीचे नवे स्टोरेज हीटर मिळतात. ते रात्रीच्या स्वस्त दरात तापून घेतात आणि दिवसभर हवी तेवढीच उष्णता सोडतात. जुन्या स्टोरेज हीटरचा लौकिक वाईट आहे, सकाळी भट्टी आणि संध्याकाळी गारठा, पण हे तसे नाहीत. त्यांना दोन दरांची वीज लागते, म्हणजे ‘इकॉनॉमी सेव्हन’ नावाची रात्री स्वस्त दराची योजना किंवा तसलं काही. खरेदीआधी एक गोष्ट इलेक्ट्रिशियनकडून लिहून घ्या: हीटरचं नेमकं मॉडेल ईपीसीच्या सॉफ्टवेअरमागच्या अधिकृत यादीत या जातीत नोंदलेलं आहे का? दिसायला अगदी तसाच पण यादीत नसलेला हीटर आम्हाला साधा म्हणून भरावा लागतो आणि मग घरमालक आमच्यावर चिडतात. छोट्या फ्लॅटला असे दोन-तीन पुरतात. मी पाहिलेल्या अशा बहुतेक घरांमध्ये ‘ई’ गाठायला एवढं पुरलं, काहींना ‘डी’ही मिळाली.

उलटा उद्योगही लोक करतात. पॅनेल हीटर वाईट ना, मग काढूनच टाकू आणि सुटसुटीत रेडिएटर आणून ठेवू! घरात पक्की बसवलेली उष्णतेची सोयच नसेल तर सॉफ्टवेअर सुटे इलेक्ट्रिक हीटर गृहीत धरतं, आणि त्याने काहीही सुधारत नाही.

भिंतींबद्दल. तुमची भिंत भरीव विटेची, मधे पोकळी नसलेली. तिला आतून इन्सुलेशन म्हणजे हजारो पौंड, खोल्या चहूबाजूंनी थोड्या लहान, प्लग-स्कर्टिंग सगळं काढून पुन्हा बसवणं, आणि फ्लॅट लीजहोल्ड, म्हणजे दीर्घ भाडेपट्ट्यावरचा, असल्यामुळे बहुधा फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाची, लेखी परवानगी. काम नीट झालं नाही तर इन्सुलेशनमागे थंड भिंतीवर ओल धरते ते वेगळंच. स्वतः त्या घरात वीस वर्षं राहणार असाल तर मी म्हणेन जरूर विचार करा. पाच गुणांसाठी नाही.

त्यात एक गंमत आहे. तुमचं जुनं सर्टिफिकेट २०१४ चं. तेव्हा भरीव विटेच्या भिंतीतून उष्णता जितकी जाते असं सॉफ्टवेअर धरायचं, तो आकडा (यू-व्हॅल्यू) प्रत्यक्ष मोजणीपेक्षा जास्त असल्याचं पुढे लक्षात आलं आणि २०१७ च्या अखेरीस तो २.१ वरून १.७ वर आणला. जून २०२५ पासून तर मोजण्याची पद्धतच नवी आहे, खिडक्याही एकेक मोजाव्या लागतात. त्यामुळे फ्लॅटमध्ये एक खिळाही न ठोकता तुमचा आकडा बदलू शकतो. वरच जाईल असं मात्र नाही, कारण पद्धतीबरोबर इंधनाचे दरही बदलत आले आहेत. म्हणून कोणतंही काम काढण्याआधी असेसरला, म्हणजे माझ्यासारख्या ईपीसी करणाऱ्याला, बोलवा आणि स्पष्ट सांगा की सर्टिफिकेट लगेच नोंदवू नका, आधी कच्चा आकडा द्या आणि ‘हे हीटर घातले तर किती, गरम पाण्याच्या टाकीला, म्हणजे सिलिंडरला, जाड जॅकेट घातलं तर किती’ ते काढून दाखवा. पाहणी एकदाच होते, बाकी संगणकावर दहा मिनिटांचं काम. थोडे जास्त पैसे मागितले तर द्या. साध्या ईपीसीला छोट्या फ्लॅटसाठी साधारण ६० ते १०० पौंड पडतात. एजंटमार्फत केलंत तर वर त्याचं कमिशन आलंच. सरकारी संकेतस्थळावर मान्यताप्राप्त असेसर शोधून थेट ठरवा.

त्याच संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून आजूबाजूच्या घरांची सर्टिफिकेटं बघता येतात. नोंदवही सगळ्यांना खुली आहे, पैसे लागत नाहीत, आणि घरमालकांना हे माहीत नसतं याचं मला नेहमी नवल वाटतं. तुमच्या रस्त्यावर तुमच्यासारखाच तळमजल्याचा फ्लॅट ‘डी’ कसा झाला ते उघडून वाचा. हीटर कोणते, पाणी कशाने तापतं, खिडक्या कोणत्या, सगळं लिहिलेलं असतं. शेजाऱ्याच्या घरात डोकावल्याचं समाधान मिळतं ते वर.

असेसर येण्याआधी कागद काढून ठेवा. यात लोकांचे फुकटचे गुण जातात. आम्ही भिंत फोडत नाही, फरशी उचकटत नाही. जे दिसतं किंवा कागदावर सिद्ध होतं तेवढंच भरता येतं, बाकी घराच्या वयावरून गृहीत धरलं जातं. आधीच्या मालकाने लाकडी फरशीखाली इन्सुलेशन घातलं होतं असं तुम्ही तोंडी सांगितलं तर मी मान डोलावेन आणि ‘नाही’ असंच भरेन. त्याच कामाचं, या पत्त्याचा उल्लेख असलेलं बिल दाखवलंत तर गोष्ट वेगळी. खिडक्यांच्या डबल ग्लेझिंगचं (दुहेरी काचांचं) काम नियमाप्रमाणे झाल्याचं फेन्सा सर्टिफिकेट, बिल्डिंग कंट्रोलचा, म्हणजे बांधकाम तपासणाऱ्यांचा, पूर्ततेचा दाखला, गॅरंटीचे कागद, खरेदीच्या वेळी सॉलिसिटरने (वकिलाने) दिलेल्या फाइलमध्ये यातलं बरंच असतं. ती फाइल कपाटाच्या तळाशी असेल, काढा.

बारीकसारीक बाबी: बेडरूममध्ये जुनं उघडं धुरांडं असेल तर हवेची बारीक वाट ठेवून बंद करून घ्या, त्यातून उष्णता वाहून जाते आणि आम्हाला ते मोजावंच लागतं. पाण्याच्या सिलिंडरला फोमचं आवरण नसेल तर ८० मिलिमीटरचं जॅकेट स्वस्तात येतं. राहिलेले जुने बल्ब एलईडी करून टाका. प्रत्येकाचा एखाददुसरा गुण, पण तुम्हाला हवेतच पाच.

समजा हे सगळं करूनही ३९ गाठले नाहीत, तर? भाड्याच्या नियमात खर्चाला मर्यादा आहे: व्हॅटसह ३,५०० पौंड. तेवढ्यात होण्यासारखं सगळं केलं आणि तरी ‘ई’ आली नाही, तर सरकारी नोंदवहीत सवलत नोंदवून घर भाड्याने देता येतं. ती पाच वर्षं चालते. १ ऑक्टोबर २०१७ नंतर तुम्ही याच कारणासाठी केलेला खर्चही त्या मर्यादेत धरता येतो, म्हणून जुनी बिलं फेकू नका. भिंतीला फ्रीहोल्डरने लेखी नकार दिला तर त्याचीही स्वतंत्र सवलत आहे. मात्र सवलत मालकाची असते, घराची नाही. फ्लॅट विकला की नव्या मालकाला ती मिळत नाही.

विकावा की ठेवावा, यात मी पडले नसते, पण तुम्ही विचारलंच आहे. ‘ई’ हा शेवटचा टप्पा नाही. भाड्याच्या घरांना ‘सी’, म्हणजे ६९ गुण, अशी अट आणायचा विचार जुनाच आहे. आधीच्या सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये तो गुंडाळला, नव्या सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये २०३० ची मुदत घालून पुन्हा पुढे आणला. गॅस नसलेल्या, भरीव भिंतींच्या तळमजल्याला ‘सी’पर्यंत नेणं म्हणजे आज टाळलेली भिंत उद्या दारात येणार. चार-पाच वर्षं भाडं घेऊन विकायचं असेल तर हीटर घालून भाड्याने द्या. दहा-पंधरा वर्षं पुण्यात बसून भाडं खायचा बेत असेल तर मी तरी आजच विकेन. भाड्यासाठी घर घेणारे ‘एफ’ बघून पाय मागे घेतात किंवा भाव पाडतात, त्यामुळे तुमचा खरा गिऱ्हाईक म्हणजे स्वतः राहायला येणारा. त्याला हीटरची कोटेशनं दाखवता आली तर घासाघीस त्या आकड्यापुरती राहते.

परदेशात राहून भाडं घेणार असाल तर अनिवासी घरमालकांची योजना लागू होते: एचएमआरसीची, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याची, मंजुरी घेतली नाहीत तर एजंट भाड्यातून कर कापूनच पैसे देतो. आणि कर्ज राहत्या घराचं असेल तर बँकेची परवानगीही लागेल. ईपीसीशी याचा संबंध नाही, पण परत जाणारी मंडळी नेमकं हेच विसरतात.

पुण्यात फ्लॅट घेताना आपण भोगवटा प्रमाणपत्र, पार्किंग आणि पाण्याचा टँकर किती येतो ते विचारतो. फ्रिजवरचे तारे मोजणारा माणूसही घर उन्हाळ्यात किती तापेल हे विचारत नाही. फ्रिजवर तारे देणाऱ्या बीईईने (भारत सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने) घरांसाठीही ताऱ्यांची योजना काढली आहे आणि २०१८ ची इको निवास संहिता भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी यावर बोलते, पण फ्लॅट विकताना असलं सर्टिफिकेट कोणी मागत नाही. पश्चिमेकडे काचाच काचा असलेला चकचकीत फ्लॅट कोणी दाखवला, तर मे महिन्यात दुपारी चार वाजता जाऊन बघा एवढंच सांगते.

तुमच्या वीजमीटरवर रीडिंगचा एकच आकडा दिसतो की दोन, आणि सिलिंडर किती लिटरचा आहे, ते खाली लिहा. दोन आकडे असतील तर हीटरचं काम बरंच सोपं आहे. एकच असेल तर आधी वीज कंपनीला फोन करून दोन दरांची सोय करून घ्यावी लागेल, आणि त्यात काही आठवडे जाऊ शकतात, म्हणून तो फोन असेसरच्याही आधी करा.