मैत्री नुसत्या टोपणनावावर ठेवू नका

पत्र : मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका. लग्न केलं नाही, सांगलीत एकटी राहते. दोन वर्षांपासून इंदूरच्या एका मराठी बाईंशी मोबाइलवर बुद्धिबळ खेळते. एका चालीला तीन दिवसांची मुदत, आणि चालीबरोबर दोन-चार ओळी गप्पा. त्याही एकट्याच. मध्यंतरी त्यांची चाल आलीच नाही. मुदत संपली आणि मी जिंकल्याचं स्क्रीनवर आलं. त्या रात्री मला झोप नाही. टोपणनावापलीकडे माझ्याकडे काहीच नव्हतं. पंधरवड्याने त्यांचा निरोप आला, न्हाणीघरात पडून मांडीचं हाड मोडलं होतं. भाची म्हणते, ‘जिचं नावही माहीत नाही ती कसली मैत्रीण?’ नंबर मागावासा वाटतो. पण कुणी फार जवळ आलेलं आम्हा दोघींनाही सोसत नाही.

उत्तर : ताई, जिची चाल न आल्याने तुमची झोप उडाली ती तुमची मैत्रीणच. भाचीचं बोलणं मनाला लावून घेऊ नका.

तुम्ही बुद्धिबळासाठी झटलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीच्या, तेव्हा टपालाने खेळल्या जाणाऱ्या डावांबद्दल ऐकलं असेलच. पोस्टकार्डावर एक चाल लिहायची आणि उत्तराची वाट बघायची. पण पोस्टकार्डाला पत्ता लागायचाच. चाल आली नाही तर त्याच पत्त्यावर घरच्यांना विचारता यायचं. तुमच्या मोबाइलवरच्या पटाला टोपणनाव पुरतं. अनोळखी माणसाशी खेळताना ते बरंच आहे, बायकांना तर फारच. पण दोन वर्षांच्या सोबतीनंतर तेच आड येतं. भरल्या घरातल्या माणसाचं काही झालं तर कुणीतरी त्याचा फोन उघडून चार जणांना कळवतं. तुमचा किंवा त्यांचा फोन कोण उघडणार?

नॉर्वेतला मॅट्स स्टीन २०१४मध्ये, २५व्या वर्षी गेला. स्नायू झिजत जाणारा आजार होता. आईवडिलांना वाटायचं, खोलीत गेम खेळत बसणाऱ्या या पोराला मित्र नाहीत. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली आणि गेममधल्या मित्रांच्या ईमेल येऊ लागल्या. काही जण तर दुसऱ्या देशांतून अंत्यविधीला आले. हे झालं, कारण मॅट्सने ब्लॉगचा पासवर्ड घरच्यांसाठी ठेवला होता.

म्हणून नंबर मागू नका, आधी तुम्ही द्या. तोही स्वतःचा नको, शेजारच्या वहिनींचा, त्यांना विचारून. म्हणजे उठसूट फोन येईल ही धास्ती कुणालाच नाही. इतकंच लिहा : ‘तुमची चाल आली नाही तेव्हा मी फार घाबरले. हा माझ्या शेजारच्या वहिनींचा नंबर. माझी चाल आली नाही तर त्यांना विचारा. तुमच्याकडचा असा कुणाचा द्यावासा वाटला तर द्या, नाहीतर राहू द्या.’ उत्तर आलं नाही तर पुन्हा विषय काढू नका, खेळत राहा. आणि वहिनींना खरंच सगळं सांगा. साइटचं नाव, दोघींची टोपणनावं कागदावर लिहून औषधांच्या फाइलमध्ये ठेवा. अडचणीच्या दिवशी शेजारी आधी तीच फाइल शोधतात.

पैशांचा विषय निघालाच तर मात्र तिथेच थांबा आणि भाचीला सांगा. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, पण हे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

इंदूरला जायचं की नाही, ते कधीतरी दोघींना वाटलं तर बघा. आत्ता त्यांना घरात मदतीला कोण आहे ते विचारा. कुणी नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही एल्डरलाइन देशभर चालते, तो क्रमांक कळवा. मांडीचं हाड जुळायला महिने लागतात, त्यात दवाखान्याच्या फेऱ्या. नव्या डावाला तीनऐवजी सात दिवसांची मुदत ठेवा.