गणवेश चढवून ते गाडीतच बसून राहतात

प्रश्न : माझे पती चौदा वर्षांपासून वैमानिक आहेत. सहा महिन्यांपासून त्यांना झोप लागत नाही आणि मुलांशीही ते फारसे बोलत नाहीत. ड्यूटीला निघताना गणवेश चढवून गाडीत बसतात, पण वीस-वीस मिनिटे गाडी सुरूच करत नाहीत. एका मित्राकडून त्यांनी झोपेच्या गोळ्या आणल्या आहेत. डॉक्टरांचे नाव काढले की म्हणतात, ‘मेडिकल (उड्डाणासाठी लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र) गेले तर घर कसे चालायचे?’ मी गप्प राहू की कंपनीला कळवू?

उत्तर : ताई, गप्प राहू नका, पण त्यांच्या अपरोक्ष कंपनीला कळवणे ही पहिली पायरी नव्हे. आपली प्रकृती उड्डाणास योग्य नाही हे जाणवत असताना वैमानिकाने विमान चालवू नये, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. त्यामुळे पुढच्या ड्यूट्यांसाठी आजारपणाची रजा टाकणे हा त्यांच्या कामाचाच भाग आहे, हे त्यांना सुट्टीच्या दिवशी, मुले झोपल्यावर, शांतपणे सांगा. मित्राच्या गोळ्यांचा अंमल दुसऱ्या सकाळपर्यंत राहू शकतो, म्हणून त्या घेऊन कॉकपिटमध्ये जाणे सर्वांत धोक्याचे. मात्र त्या रोज घेत असतील तर एकाएकी न थांबवता डॉक्टरांना दाखवाव्यात.

मेडिकलची त्यांची भीती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. नैराश्याचे निदान झाले की वर्षानुवर्षे बहुतेक ठिकाणी वैमानिकाला उड्डाण सोडून जमिनीवर बसावे लागे, आणि त्यातूनच दुखणे लपवण्याची सवय या व्यवसायात रुजली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निनावी सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्या वैमानिकांपैकी 12.6 टक्के नैराश्याच्या निकषात बसत होते, म्हणजे साधारण आठांत एक. तुमचे पती एकटे नाहीत, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. नियमही आता तितके कठोर राहिलेले नाहीत : अमेरिकेने 2010 पासून काही नैराश्यरोधक औषधे घेणाऱ्यांना अटींसह उड्डाणाची मुभा दिली आहे, तर युरोपात 2021 पासून विमान कंपन्यांना वैमानिकांसाठी आधार कार्यक्रम उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. देशागणिक तरतुदी वेगळ्या असल्या, तरी उपचारांनंतर परतण्याची वाट पुष्कळ ठिकाणी आहे. लपवलेला आजार उघड झाला, तर मात्र खोट्या माहितीचा ठपका बसतो आणि तो पुसणे फार कठीण जाते.

काही महिने उत्पन्न घटेल, हे मान्य करूनच हिशेब मांडा. लायसन्स गमावल्यास भरपाई देणारा विमा असेल, तर त्यात मानसिक आजार धरला आहे का, हे आताच वाचून घ्या.

थेट डॉक्टरांकडे जाणे जड वाटत असेल, तर कंपनीत किंवा संघटनेत पीअर सपोर्ट आहे का, ते त्यांना विचारायला सांगा. तिथे प्रशिक्षण घेतलेला दुसरा वैमानिकच गोपनीयता राखून ऐकतो, आणि रोस्टरने, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकाने, मोडलेली झोप त्याला समजावून सांगावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला अवघड जाईल. ‘जगणे नको असे मनात येते का?’ हे त्यांना सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर ‘हो’ आले, किंवा या अवस्थेतही ते उड्डाणाला निघाले, तर त्यांना एकटे सोडू नका, त्याच दिवशी तातडीची वैद्यकीय मदत घ्या आणि कंपनीला कळवा. त्या वेळी त्यांच्या संमतीसाठी थांबू नका.