वाचकांचे प्रश्न : कात्रीत सापडलेले वाक्य

प्रश्न : मी एका रेडिओ केंद्रावर चर्चेचा साप्ताहिक कार्यक्रम सादर करते. अलीकडेच ‘श्रद्धा आणि आजारपण’ या विषयावर एका धर्मोपदेशकांची मुलाखत घेतली. ४० मिनिटांच्या ध्वनिमुद्रणातली ८ मिनिटे आम्ही प्रसारित केली. “प्रार्थनेने रुग्णाला बळ मिळते, मात्र म्हणून कोणी औषध थांबवू नये,” असे ते म्हणाले होते. वेळेअभावी वाक्याचा उत्तरार्ध गेला. शिवाय त्यांच्या बोलण्यापाठोपाठ आम्ही एका डॉक्टरांची टीका जोडली, जी त्यांनी प्रसारणाच्या वेळीच प्रथम ऐकली. ते दुखावले आहेत. धार्मिक व्यक्तींना अवघड प्रश्न विचारले की त्या दुखावणारच, असे माझ्या सहकाऱ्यांचे मत आहे. आमचे चुकले का?

उत्तर : होय, चुकले, मात्र प्रश्न विचारण्यात नव्हे, तर पाहुणे निघून गेल्यावर तुम्ही जे केले त्यात. ‘मात्र’ या शब्दापाशी वाक्य तोडल्यामुळे, औषध थांबवू नका असे बजावणारा माणूस श्रोत्यांच्या कानी औषधाऐवजी प्रार्थना सुचवणारा ठरला, आणि डॉक्टरांनी जे मत खोडून काढले ते मुळात त्यांचे नव्हतेच. वेळ कमी होता हे मान्य केले, तरी तेवढे पाच-सहा शब्द ठेवायला फार तर चार सेकंद लागले असते. छापील मुलाखतीत वाचक मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. रेडिओवर कानावर पडले तेच खरे.

ब्रिटनमध्ये प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या ऑफकॉम या संस्थेच्या संहितेत धर्म आणि न्याय्य वागणूक यांविषयी स्वतंत्र प्रकरणे आहेत. कार्यक्रमाचे स्वरूप व हेतू काय, प्रश्न साधारण कोणत्या विषयांवर असतील, कार्यक्रम थेट असेल की संपादित, आणि त्यात आणखी कोणाचे म्हणणे येणार आहे, याची कल्पना सहभागी होणाऱ्याला सामान्यतः आधी द्यावी, आणि संपादनानंतरही त्याचे म्हणणे न्याय्य रीतीनेच मांडले जावे, अशी अपेक्षा त्यात आहे. प्रश्नपत्रिका आधी हातात द्यावी, असे मात्र त्यात कुठेही म्हटलेले नाही. तुमच्या पाहुण्यांना डॉक्टरांविषयी आधी सांगितले असते, तर त्यांनी उत्तर दिले असते किंवा येण्यास नकार दिला असता. दोन्ही त्यांचे हक्क होते.

अवघड प्रश्नांबद्दल म्हणाल, तर १९४८ साली बीबीसी रेडिओवर ईश्वराच्या अस्तित्वावर तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि जेझुइट धर्मगुरू फ्रेडरिक कोपलस्टन यांचा जो वाद झाला, त्यापेक्षा अवघड प्रश्न तुमच्या सहकाऱ्यांनी विचारले असतील असे वाटत नाही. तिथे कोपलस्टन यांनी आरंभीच ‘ईश्वर’ या शब्दाचा अर्थ मांडला, रसेल यांनी तो चर्चेपुरता मान्य केला, आणि मगच मतभेदाला सुरुवात झाली. शेवटपर्यंत दोघांचे जुळले नाही. पण प्रत्येकाला स्वतःची भूमिका स्वतःच्या शब्दांत मांडता आली. तुमच्या पाहुण्यांच्या वाट्याला नेमके हेच आले नाही.

धर्मोपदेशक म्हणून त्यांना वेगळी सवलत द्यावी, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत १९६४ साली बिली जेम्स हार्गिस या धर्मोपदेशकांनीच रेडिओवरून फ्रेड कुक या पत्रकारावर व्यक्तिगत हल्ला केला होता, आणि कुक यांना प्रत्युत्तरासाठी वेळ मिळावा यासाठी लढलेले प्रकरण १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने लागले. ज्या न्याय्यता-तत्त्वाच्या (वादाच्या विषयावर प्रसारकाने वेगवेगळ्या बाजूंना न्याय्य वाव द्यावा या नियमाच्या) चौकटीत हा निकाल लागला ते १९८७ मध्ये रद्द झाले, तरी माझ्या मते त्यातली मागणी रास्तच होती. माइकपुढे कोण अन्यायकारक वागेल, हे पेशावरून ठरत नाही.

आता एवढे करा. मूळ ध्वनिमुद्रण पुसू नका. पुढच्या भागात, त्याच वेळेला, कार्यक्रमाच्या आरंभी ते वाक्य पाहुण्यांच्याच आवाजात संपूर्ण ऐकवा आणि मागच्या वेळी त्याचा कोणता भाग गाळला गेला होता हे सांगा. “काही गैरसमज झाला असल्यास” अशा मोघम दिलगिरीने ते वाक्य परत येत नाही. त्याआधी डॉक्टरांची टीका पाहुण्यांना ऐकवून त्यांचे उत्तर ध्वनिमुद्रित करा, आणि डॉक्टरांनाही पूर्ण वाक्य कळवा. ते ऐकल्यावर कदाचित त्यांची हरकतच उरणार नाही.