२७सी२५६ च्या सॉकेटमध्ये २७सी५१२ चालेल का?

चालेल, आणि त्यासाठी वेगळं अडॅप्टर कार्डही लागणार नाही. तुमच्या मोल्डिंग मशीनच्या कंट्रोलरवर २७सी२५६ ही ईप्रॉम, म्हणजे मशीनचा प्रोग्राम साठवणारी ३२ केबीची मेमरी चिप आहे आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सगळे ६४ केबीची २७सी५१२ च पुढे करतायत, तर बिनधास्त घ्या. दोन्ही २८ पिनांच्या. जपायचं ते एका पिनला.

ती म्हणजे पिन १. २५६ मध्ये तिथे व्हीपीपी, म्हणजे प्रोग्रामिंगचं व्होल्टेज येतं, आणि कंट्रोलरच्या सर्किट कार्डावर ती पिन बहुतेक वेळा ५ व्होल्टला बांधलेली असते. ५१२ मध्ये त्याच जागी ए१५ ही सगळ्यात वरची ॲड्रेस लाइन, म्हणजे चिपमधली जागा निवडणारी पिन आहे. त्यामुळे ए१५ कायम हाय (५ व्होल्टवर) राहते आणि प्रोसेसरला ६४ केबीतला फक्त वरचा अर्धा भाग दिसतो. प्रोग्रामर (चिपमध्ये फाइल भरायचं यंत्र) मात्र तुमची ३२ केबीची फाइल आपणहून खालच्या अर्ध्यात भरतो. मग प्रोसेसर वाचतो नुसते एफएफ, म्हणजे कोरी जागा, मशीन ढिम्म हलत नाही, आणि माणूस चिपलाच डुप्लिकेट ठरवून दुकानदाराशी भांडायला जातो. फाइल बफरमध्ये हेक्स ८००० पासून, म्हणजे वरच्या अर्ध्याच्या सुरुवातीपासून लोड करा, किंवा सरळ दोन्ही अर्ध्यांत एकेकदा भरा. मी दोन्हीकडे भरतो. पिन १ ग्राउंडला असली तरी मग अडत नाही.

पिन लोंबकळती मात्र नको. कार्ड बंद करून मल्टिमीटर बीपवर लावा आणि सॉकेटच्या १ व २८ नंबरवर टेकवा. बीप आला नाही आणि पिन ग्राउंडलाही नसली, तर चिपची पिन १ सॉकेटबाहेर वाकवून बारीक वायरने २८ ला जोडा. पिन हलक्या हाताने वाकवा, एकदाच वाकते.

कोणी म्हणेल, ‘त्यापेक्षा २८सी२५६ न्या, पुसायला सोपी.’ नेऊ नका. आकडा तोच दिसला तरी तिच्यात ए१४ पिन १ वर आहे आणि २७ वर राइट एनेबल (चिपमध्ये लिहू देणारी पिन); तुमच्या कार्डावर २७ ला ए१४ येते. पुसायची सोय हवीच असेल तर विनबाँडची डब्ल्यू२७सी५१२ मागा. तिला पुसायला यूव्ही दिवा लागत नाही आणि पिना ५१२ च्याच.

जुनी चिप आधी दोन-तीनदा वाचून चेकसम (सगळ्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) दरवेळी जुळतोय का बघा. नाही जुळला, तर नवीन चिपेत काय भरायचं हाच प्रश्न उरतो. मग तसंच दुसरं मशीन असलेला कारखाना गाठावा लागेल.